जुन्या चपलांच्या आक्का

मारुंजीला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. आधी पायांकडे बघितलं. मग वाकून माझी उजवी चप्पल उचलली, उलटी केली, टाचेपाशी अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "अजून सा म्हैनं हिला काय व्हत न्हाई. ऱ्हा तू." झालं, खोली मिळाली! कुठे नोकरी करतेस, लग्न झालंय का, घरी यायला किती उशीर होतो, एक प्रश्न नाही. माझ्यासोबत आलेल्या मैत्रिणीच्या पायात चामड्याचे सँडल होते. त्यांच्याकडे बघून बाई फक्त "ह्यात काय कापायचं?" एवढंच पुटपुटल्या. मैत्रीण इतकी घाबरली की तिने दुसऱ्या गल्लीत खोली घेतली.

सगळे भाडेकरू त्यांना आक्का म्हणायचे. घराणं जुनं, गावातलं. शेतं होती तिथे आता उंच इमारती झाल्या होत्या आणि आक्कांच्या तीन मजली घरात आमच्यासारखी हिंजवडीला जाणारी पोरंपोरी भरली होती. रस्त्यापलीकडे जमिनीचा एक तुकडा तेवढा उरला होता. त्यात आक्का हट्टाने मेथी लावायच्या. साडीवर मुलाचा कंपनीतला जुना, निळा, जाड शर्ट घालायच्या, कारण त्याला दोन खिसे होते. एका खिशात ब्लेड आणि छत्रीची काडी घासून केलेली टोकदार सुरी, दुसऱ्यात पेन्सिल आणि शेंगदाणे. सगळा शर्ट शाईने माखलेला. मुलगा म्हणायचा, "आई, निदान गेटवर तरी हा घालून बसू नको, लोक मला विचारतात." आक्का म्हणायच्या, "त्यास्नी माझ्याकडं पाठीव. म्या सांगते."

आणि सांगायच्याही! कुणीही विचारायचा अवकाश, आक्का त्याला गच्चीवर नेऊन जुन्या चपलांपासून ठसे कसे करायचे ते दाखवायला लागायच्या. निळ्या पट्ट्यांची साधी रबरी चप्पल त्यांच्या मते जगातली सर्वांत उत्तम वस्तू होती. वरचा थर पांढरा, आतला निळा. पांढरं कापलं की निळं दिसतं, त्यामुळे चित्र कापता कापताच कळत जातं. शिवाय वापरलेली चप्पल हवी. नव्या रबराला त्या "कोडगं" म्हणायच्या. पट्टे काढून टाकले की तळव्याला तीन भोकं राहतात, आणि त्या भोकांचं काय करायचं यावर आक्कांची बुद्धी भलतीच चालायची. एका ठशात त्या भोकांचा सूर्य व्हायचा, दुसऱ्यात म्हशीचे डोळे, तिसऱ्यात उघड्या गटाराचं तोंड. वापरलेल्या चपलेत अंगठ्याची आणि टाचेची खळ पडलेली असते. तिथे शाई फिकी उमटते. आक्का म्हणायच्या, "त्यो ज्येची चप्पल त्येचा वाटा. चित्र माझं, पर चाल त्येची."

एवढा मोठा ठसा हाताने दाबून भागत नाही. म्हणून आक्का शाई लावलेला तळवा कागदावर पालथा ठेवायच्या आणि चक्क त्यावर उभ्या राहायच्या! साडी वर खोचून, हात कमरेवर ठेवून, आभाळाकडे बघत. आपलं वजन पुरत नाही असं वाटलं की हाक मारायच्या, "आरं, कुणी जाडजूड हाय का घरात?" मग तिसऱ्या मजल्यावरचा एखादा भरदार इंजिनियर लॅपटॉप बाजूला ठेवून, लाजत लाजत चपलेवर उभा राहायला यायचा.

कागद म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या पाठी. पतसंस्था, सराफ, किराणावाले, सगळ्यांची कॅलेंडरं त्या वर्षअखेरीला गोळा करायच्या आणि दाभणाने, सुतळीने शिवून त्यांची वही करायच्या. वही कसली, बाडच ते. उचलायला दोन माणसं लागायची. त्यात रोज एक पान. लिहायचं काही नाही, फक्त ठसे. दिवसभरात जे दिसलं ते. मेथीवर बसलेला साळुंक्यांचा थवा, गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस, नळाला आलेलं पाणी. एक पान नुसतं टाचांचं होतं, शंभरेक असतील. विचारलं तर म्हणाल्या, "आगं, आज मयताला गेल्ते. मान खाली हुती, तवा हेच दिसलं."

मी कामावरून आले की बाकीच्या घरमालकिणी विचारतात तसं "जेवलीस का" वगैरे नाही. आक्कांचा प्रश्न ठरलेला, "आज काय दिसलं?"

पहिले कितीतरी दिवस मी म्हणायचे, "काही नाही." मी सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, बसमध्ये मान खाली घालून मोबाइल बघायचा आणि खोलीवर यायचं. खरंच काही दिसायचं नाही! एके दिवशी आक्कांचा पारा चढला. "डोळं काय भाड्यानं दिल्यात का गं कुणाला? रोज येती आन् रोज काय न्हाई, काय न्हाई!"

मलाही राग आला. म्हटलं, "ट्रॅफिक दिसलं. दीड तास फक्त ट्रॅफिक दिसलं. आता ते काढू का?"

"मंग काढ की!"

"मला चित्र काढता येत नाही, आक्का."

"भेंडी कापता येती न्हवं?"

शाळेत सगळ्यांनीच केलेले असतात भेंडीचे ठसे. आडवी कापली की फूल. पण त्या संध्याकाळी गच्चीवर आक्कांनी माझ्या हातात भेंडी दिली आणि मला ते फूल दिसलंच नाही, चाक दिसलं! मी चाकांमागून चाकं मारत सुटले. लाल चाकं, काळी चाकं, एकावर एक चढलेली, कागदाच्या कडेवरून खाली सांडणारी. गाड्या नाहीत, माणसं नाहीत, नुसती चाकं, आणि एकही फिरत नाही. हात कोपरापर्यंत शाईने भरले. नाकावर शाई. आईचा फोन वाजून वाजून बंद झाला. त्या दिवशी मी इतकी खूश होते की मलाच माझं हसू येत होतं. आक्कांनी पान लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हां! आता तुला चौक दिसला."

त्यानंतर मी बिघडलेच. बसच्या खिडकीतून बघायला लागले. साहेब मीटिंगमध्ये बोलताना त्यांच्या भुवया कशा कापता येतील याचा विचार करायला लागले. दर रविवारी गच्चीवर आमची जत्रा भरायची. बटाटे, भेंड्या, खोडरबर, बाटल्यांची झाकणं, आणि मधोमध चपलेवर उभ्या आक्का. त्यांचं कौतुक करणंही तऱ्हेवाईक होतं. छान जमलं की त्या पान करणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायच्या, आणि तो चुकवायला गेलं तर रागवायच्या. एका मुलाला कंपनीने अचानक घरी बसवलं होतं. तो आला आणि त्याने पान वरपासून खालपर्यंत नुसतं काळं केलं. आक्कांनी त्याच्या शेजारी मांडी घातली, पान सुकेपर्यंत बसल्या आणि म्हणाल्या, "लई ब्येस झालंय. कोपरा ऱ्हायलाय बग, त्योबी भर." त्याने कोपरा भरला. मग आम्ही त्याला जेवायला बसवलं.

एवढ्या चपला यायच्या कुठून? तर आक्कांच्या घराची एक रीत होती. जिन्याच्या तळाशी पाण्याचा निळा ड्रम होता. चप्पल झिजली की भाडेकरूंनी ती ड्रमच्या डाव्या बाजूला ठेवायची. तिथे ठेवलेली चप्पल आक्कांची. विचारायचं नाही, सांगायचं नाही. त्या येता-जाता उचलणार. घरात राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं. बाहेरच्या माणसाला कसं माहीत असणार?

इथे मला माझ्या लग्नाची गोष्ट सांगावी लागेल, कारण आक्का तिच्यात घुसल्या त्या अशा.

तो मला एका ट्रेनिंगमध्ये भेटला होता. नोकरी चाकणला, घर कुरुळीला. आमचं आमच्यात ठरून वर्ष झालं होतं आणि त्याच्या घरी कळून महिना. त्याची आई तयार होती. वडील तयार नव्हते. "आमच्यात पोरं जमवत न्हाईत, आमी जमवतो," हे पहिलं. आणि दुसरं म्हणजे, "भाड्याच्या खोलीतली, दिवसभर पडद्याकडं बघणारी पोरगी. तिला आपल्या घरातलं काय दिसणार?" माझं माहेर परभणीचं. रीतीप्रमाणे त्यांनी तिकडे यायचं, तर त्यांनी सांगितलं, "परभणीला येत न्हाई. मारुंजीला यून बघून जातो." त्याने मला फोनवर सांगितलं होतं, "बाबा उठताना 'बघू' म्हणाले, तर समज नाही म्हणाले. ते 'बघू' म्हणाल्यावर आजपर्यंत काही झालेलं नाही." मला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं नव्हतं, आणि वडिलांना डावलून करायचं त्याच्या जिवावर आलं असतं. म्हणजे सगळं त्या एका सकाळवर होतं.

आई-बाबा आदल्या दिवशी आले. मी आक्कांना हात जोडले. "आक्का, उद्या चपलांचं काही काढू नका. उद्या फक्त कांदेपोहे."

"म्या येतच न्हाई खाली," आक्का फणकारल्या. "वरच बसते. झालं?"

पाहुणे आले, तो आणि त्याचे आई-वडील. वडील उंच, पांढरेशुभ्र कपडे, पांढरी टोपी, आणि पायात साधी निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल. पायाला कुरूप होतं, त्यामुळे त्यांना दुसरं काही चालायचं नाही. गाडीतून उतरल्यावर ते लगेच आत आले नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या मेथीपाशी गेले, वाकले, काहीतरी केलं आणि मग आले. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते, पण त्यांच्या पाठीआड काय केलं ते काही मला दिसलं नाही.

मग जे बसणं झालं ते आठवलं तरी अजून घाम फुटतो. माझे बाबा पावसापाण्याचं बोलले. आईने पोहे तीनदा वाढले. वडील "हूं" म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे. एकदाच त्यांनी मला विचारलं, "रोज काय काम असतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे चुका काढायच्या." आणि पुन्हा भिंत. त्याने घातलेला शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. शेवटी वडिलांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बरं. बघू."

झालं, म्हणजे नाही. आई स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. सगळे खाली निघाले. आणि जिन्याच्या तळाशी वडील थांबले.

"चपला कुठं गेल्या?"

दाराशी चपलांची गर्दी झाली म्हणून शिस्तीच्या माणसाने आपल्या चपला नीट बाजूला, ड्रमच्या डाव्या अंगाला काढल्या होत्या!

"कुत्र्यानं नेल्या असत्याल," म्हणत आक्कांचा मुलगा धावत बाहेर गेला. माझा तो दुसऱ्या बाजूला धावला. बाबा ड्रममागे वाकले. मी मात्र कुठेच बघितलं नाही. मला माहीत होतं. मी दोन-दोन पायऱ्या गाळत गच्चीकडे सुटले, आणि मागून जड, अनवाणी पावलं चढत येत होती.

वर आक्का उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. एक चप्पल बादलीत साबणाच्या पाण्यात तरंगत होती. दुसरीचे पट्टे केव्हाच निघाले होते, आणि आक्का तिच्यावर शाईचा फडका फिरवत होत्या.

"आक्का!" माझा आवाज फाटला. "ह्या त्यांच्या चपला आहेत!"

"कुणाच्या?"

माझ्यामागे वडील येऊन उभे राहिले होते. आक्कांनी त्यांच्या पायांकडे बघितलं, मग हातातल्या चपलेकडे, मग पुन्हा पायांकडे. मला वाटलं आता त्या माफी मागतील. आयुष्यात पहिल्यांदाच मागतील. पण आक्कांचा चेहरा एकदम उजळला.

"आवं पाव्हणं! हे तुमचंच हाय व्हय? आन् म्या तुमालाच काढलंय की!"

त्यांनी तळवा उलटा करून वडिलांपुढे धरला. निळ्या रबरात एक माणूस वाकलेला होता. टोपी, वाकलेली पाठ, आणि एक हात जमिनीला टेकलेला. बोटांमधून माती निसटत होती. वरच्या भोकाचा सूर्य झाला होता. आक्कांनी सकाळी गच्चीवरून त्यांना मेथीत वाकलेलं बघितलं होतं, आणि मग शेंगदाणे आणायला गुपचूप खाली उतरल्यावर ड्रमपाशी चप्पल दिसली तशी लगेच कापायला घेतली होती.

वडिलांनी तो तळवा हातात घेतला. बोट फिरवलं. शाई लागली तरी त्यांना कळलं नाही.

"माती हातात घेतली, ते बगितलं व्हय तुमी?" ते हळूच म्हणाले.

"वास बी घेतला तुमी. त्यो म्या कसा कापू?"

वडील गच्चीच्या कठड्यापाशी गेले आणि खालच्या मेथीकडे बघत राहिले. म्हणाले, "आमच्याकडं आता कंपन्यांची शेड हाय. समदी जमीन शेडखाली. घरात सांगू कुणाला, म्हातारा मातीचा वास घेतोय म्हून?" मला एकदम वाटलं, हा माणूस भिंतीकडे बघत होता तो रागाने नव्हे. त्याच्याशी कुणी त्याच्या जिवाभावाचं काही बोललंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि काय बोलतेय ते कळायच्या आत बोलून गेले, "बाबा, ठसा तुम्हीच मारा."

ते चमकून माझ्याकडे वळले. "मी?"

"त्यावर उभं राहायचं असतं," मी म्हटलं, आणि बाजूच्या बाडातलं कोरं पान त्यांच्यापुढे पसरलं. तळवा त्यावर नीट पालथा ठेवला. "वहीत आजचं पान रिकामं आहे. तुमच्याइतकं वजन इथे कुणाचंच नाही."

मागे जिन्यावर दोन्ही घरची माणसं येऊन थबकली होती. माझ्या आईने पदर तोंडाला लावला होता. त्याच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता. आणि वडिलांनी, पांढरंशुभ्र धोतर एका हाताने वर धरून, अनवाणी पाय त्या चपलेवर ठेवला. मग दुसरा ठेवला. उभे राहिले.

"हलू नगा," आक्का म्हणाल्या. त्या उकिडव्या बसल्या आणि कागदाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. "हलला की गडी फिसकटला समजा. आता सांगा पाव्हणं, पोरगी कशी वाटली?"

"आक्का!" मी ओरडलेच.

"तू गप गं. न्हाई म्हंजे, शाई धरूस्तवर उभंच ऱ्हायचंय त्यास्नी. दुसरं काय काम हाय?"

वडील त्या तेवढ्याशा रबरावर दोन्ही पाय जुळवून उभे. तोल सावरत, हात बाजूला पसरलेले. त्यांना हलताही येईना आणि रागावताही येईना. "मी खाली सांगितलं की. बघू म्हनलो."

"मंग बगा की आता! समोरच उभी हाय."

त्यांनी बघितलं. त्या सकाळी पहिल्यांदाच नीट बघितलं. माझ्या नव्या साडीला शाई लागली होती, केस सुटले होते, आणि मी रडत होते की हसत होते ते माझं मलाही सांगता आलं नसतं. ते बघत राहिले, बघत राहिले, आणि मग त्यांचा तोल डावीकडे जायला लागला. त्यांनी झटकन माझ्याकडे हात पुढे केला.

"आगं, बघत काय ऱ्हायलीस? हात दे की पोरी! सासऱ्याला पाडतीस का काय?"